टेट्रासायक्लिनचे दात

माझ्या वरच्या पटाशीच्या दातांवर, हिरडीपासून साधारण निम्म्या उंचीपर्यंत, राखाडी आणि तपकिरी रंगाचे आडवे पट्टे होते. दातांची टोके तेवढी बऱ्यापैकी पांढरी होती, त्यामुळे ते पट्टे अधिकच उठून दिसत. कायमचे दात आले तेव्हापासून, म्हणजे दुसरी-तिसरीपासून, ते तसेच होते, आणि ज्याने ज्याने पाहिले त्याने आपापले निदानही सांगून टाकले होते. कोणी चिपळूणच्या आमच्या विहिरीच्या पाण्याला दोष दिला, कोणी लोहाच्या औषधाला. लग्न ठरत असताना पाहुण्यांपैकी एका बाईंनी तर आईला बाजूला घेऊन, मुलगी मशेरी लावते का, असे विचारले होते. मी ठाण्यात एका मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. पाचवीची मुले असले प्रश्न आडवळणाने विचारत नाहीत. "बाई, तुमचे दात असे का?" असा थेट प्रश्न येतो, आणि मीही थेट उत्तर देत आले, की लहानपणी घेतलेल्या एका औषधामुळे.

हे उत्तर मला कॉलेजात असताना नौपाड्यातल्या एका वयस्कर दंतवैद्यांनी दिले होते. दात दुखतो म्हणून गेले होते. त्यांनी आरसा तोंडात घातला आणि दुखऱ्या दाताआधी "टेट्रासायक्लिन" एवढा एकच शब्द उच्चारला. यावर सगळ्या दातांना कॅप बसवण्याखेरीज दुसरा उपाय नाही आणि एवढ्या लहान वयात चांगले दात कोरणे बरे नाही, हेही त्यांनीच सांगितले. त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षे मी हा विषय बंद ठेवला. तो पुन्हा उघडला मुलीच्या दातांना तारा लावायच्या निमित्ताने. तिचे दात पाहणाऱ्या डॉक्टरांनी सहज माझ्याकडे पाहून सांगितले, की आता यावर कॅपशिवायही बरेच काही करता येते, मात्र घाई करणाऱ्याकडे जाऊ नका.

आधी कारण समजून घ्यावे म्हणून मी आईला फोन केला. ती डोंबिवलीला भावाकडे असते. मी लहान असताना खोकल्याने हैराण असे, छाती भरून येई, आणि गावातले डॉक्टर एक पातळ औषध देत, एवढे तिला नक्की आठवत होते. "तू मागून घ्यायचीस गं ते, गोड होतं," ती म्हणाली. भाऊ माझ्याहून सात वर्षांनी लहान. तो आजारी पडू लागला तोवर डॉक्टर बदलले होते, औषधही बदलले होते, आणि त्याचे दात स्वच्छ आहेत.

टेट्रासायक्लिन गटातले पहिले औषध १९४८ मध्ये बाजारात आले आणि अनेक प्रकारच्या जंतूंवर चालणारे, स्वस्त, परिणामकारक औषध म्हणून ते जगभर वापरले गेले. मुलांच्या दातांवर त्याचे डाग पडतात, हे १९५६ मध्येच वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. १९६३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्याबाबत इशाराही दिला. तो इशारा सत्तरच्या दशकातल्या आमच्या गावच्या दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागला, असे म्हणायचे. पुढे भारतात या गटातली तोंडाने घ्यायची पातळ औषधे बंदीच्या यादीत गेली. गावच्या त्या डॉक्टरांबद्दल मला राग नाही. आमच्याकडे तेव्हा न्यूमोनियाने मुले जात होती आणि माझी छाती त्या औषधाने मोकळी होत होती, हेही तितकेच खरे आहे.

दात रंगतो कसा, हे कळल्यावर मला बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. टेट्रासायक्लिनचा रेणू कॅल्शियमला घट्ट पकडतो. दात हिरडीच्या आत घडत असतो तेव्हा त्यात कॅल्शियम साठत असते, आणि रक्तात हे औषध असेल तर कॅल्शियमबरोबर तेही दातात बसते. मुख्यतः ते डेंटीनमध्ये, म्हणजे बाहेरच्या कठीण इनॅमलच्या आतल्या थरात बसते, थोडे इनॅमलमध्येही. आईच्या पोटात असल्यापासून सुमारे आठ वर्षांच्या वयापर्यंत हा धोका असतो. नवा उगवलेला असा दात आधी पिवळसर असतो. मग उजेड लागून त्या औषधाचे हळूहळू ऑक्सिडीकरण होते आणि रंग तपकिरी, राखाडी होत जातो. म्हणूनच ओठाआडून रोज उजेडात येणारे पुढचे दात सर्वांत काळवंडतात आणि दाढा पिवळ्याच राहतात. कोळशाची पावडर, मीठ-लिंबू, बेकिंग सोडा, 'आठ दिवसांत शुभ्र' म्हणणारी पेस्ट यांचा काहीही उपयोग का होत नाही, तेही यातच आले. डाग पृष्ठभागावर नाहीच. घासायचे ते काय? लिंबाने उलट इनॅमल झिजते, आणि इनॅमल पातळ झाले की आतला काळसर थर अधिकच दिसू लागतो.

पहिल्यांदा मी गेले ती घोडबंदर रोडच्या बाजूला असलेल्या एका चकचकीत दवाखान्यात. त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, कारण तिथे जे घडले ते कुठेही घडू शकते. डॉक्टरांच्या आधी एक समुपदेशक बाई भेटल्या, त्यांनी टॅबलेटवर माझा फोटो काढला आणि दोन मिनिटांत त्यावर पांढरेशुभ्र दात चिकटवून दाखवले. वरच्या दहा दातांना पोर्सेलेनचे व्हिनिअर (दातावर चिकटवायची पातळ कवचे), 'स्माईल डिझाईन'चे पॅकेज, दोन भेटींत काम पूर्ण, मासिक हप्त्यांची सोय. दर दाताला पंधरा हजारांच्या आसपास हिशेब जात होता. नंतर डॉक्टर आले. तेही वाईट नव्हते, पण माझ्या प्रश्नांपेक्षा त्यांचे लक्ष घड्याळाकडे अधिक होते. दात किती कोरावा लागेल, असे मी विचारले तर "अगदी थोडा" एवढेच उत्तर मिळाले. किती थोडा, आणि डाग गडद असेल तर तेवढ्याने तो झाकला जातो का, हे विचारल्यावर ते म्हणाले, "ते लॅब बघते, मॅडम." कोरलेला दात पुन्हा उगवत नाही, एवढे मला माहीत होते. विचार करून कळवते, असे सांगून मी बाहेर पडले.

नवी मुंबईत नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे असा दंतमहाविद्यालयांचा पट्टाच आहे, आणि ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची गाडी थेट नेरुळला नेते. शाळेतल्या एका सहकारी बाईंचे रूट कॅनाल तिथल्या एका महाविद्यालयात चांगले झाले होते, म्हणून मीही तिथेच गेले. महाविद्यालयात वेळ जातो, हे आधीच सांगायला हवे. केसपेपर, मग एक्स-रे, मग एका विभागातून दुसऱ्या विभागात, आणि पदव्युत्तर विद्यार्थी जे करतात ते प्रत्येक पायरीला त्यांच्या सरांनी किंवा मॅडमनी तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही. याच तपासण्यामुळे मला तिथे विश्वास वाटला. माझे काम जिच्याकडे आले ती मुलगी माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. ती मला "काकू" म्हणे, मी तिला "डॉक्टर" म्हणे.

पहिल्याच दिवशी तिने एक गोष्ट केली, ती मी विसरणार नाही. खोलीतला दिवा बंद केला, मला आणि स्वतःला चष्मा लावला आणि जांभळ्या उजेडाची एक छोटी टॉर्च माझ्या दाढांवर धरून हातात आरसा दिला. सर्वांत मागच्या दाढांच्या टोकांवर आणि उपदाढांच्या वरच्या भागात लिंबासारखी पिवळी चमक दिसत होती. टेट्रासायक्लिन अतिनील किरणांत असे चमकते. पुढच्या दातांत ते उजेडाने बदलून गेलेले असल्यामुळे तिथे चमक जवळपास नव्हती. मग दिवा लावून तिने दातांवरचे पट्टे वाचायला सुरुवात केली. प्रत्येक दात टोकाकडून हिरडीकडे घडत जातो आणि वेगवेगळे दात वेगवेगळ्या वयात घडतात. त्यामुळे एकाच आजारपणाचा पट्टा पटाशीच्या दातावर मधोमध, सुळ्यावर निराळ्या उंचीवर आणि मागच्या दाढेवर अगदी टोकाला उमटतो. घराच्या चौकटीवर मुलांची उंची मोजायला मारलेल्या पेन्सिलीच्या खुणांसारखाच हा प्रकार होता, फक्त खुणा माझ्या आजारपणांच्या होत्या. साधारण अडीच ते पाच वर्षांच्या वयात हे औषध पुन्हा पुन्हा दिले गेले असावे, असा तिने अंदाज सांगितला. आईने सांगितलेला खोकल्याचा काळही तोच.

विहिरीच्या पाण्याचा संशय तिथेच मिटला. पाण्यातल्या फ्लोराइडचे डाग इनॅमलमध्ये असतात, खडूसारखे पांढरे ठिपके किंवा ढगाळ पट्टे दिसतात, क्वचित ते तपकिरी होतात. यवतमाळ, चंद्रपूर भागात असे दात पाहायला मिळतात. तसे डाग वरवरचे असतील तर पृष्ठभाग अतिशय पातळ घासून काढण्याचा उपचार चालतो. माझ्या डागांना तो उपयोगाचा नव्हता.

नंतर तिने शेड गाइड काढले. दातांच्या आकाराचे सोळा नमुने एका पट्टीत लावलेले असतात आणि ए, बी, सी, डी असे त्यांचे रंगगट असतात; गटातला आकडा जितका मोठा तितका रंग गडद. सी म्हणजे राखाडीकडे झुकणारा. माझ्या दाताचे टोक ए-३ च्या जवळ होते आणि हिरडीकडचा पट्टा सी-४ या सर्वांत गडद नमुन्यापेक्षाही काळा होता. तिने नमुना दाताशेजारी धरून फोटो काढला, आणि पुढे प्रत्येक भेटीत तोच नमुना, तीच खुर्ची, तोच उजेड असा फोटो निघत गेला. उपचार चालू असताना आपल्या डोळ्यांवर अजिबात भरवसा ठेवू नये. रोज आरशात पाहणाऱ्याला आज काहीच बदल दिसत नाही आणि उद्या फारच दिसतो. फोटो तेवढा नेमके सांगतो.

तिच्या मॅडमनी मला पर्याय समजावून सांगितले, तेही माझ्याच केसपेपरच्या मागे चित्र काढून. पूर्ण कॅपसाठी दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. किडलेल्या किंवा मोडलेल्या दातासाठी ते ठीक, धडधाकट दातासाठी फार. दातात मुद्दाम रूट कॅनाल करून आतून ब्लीच करण्याची एक पद्धत एके काळी वापरली गेली, पण जिवंत दात रंगासाठी मारायचा, हे त्यांना पटत नव्हते आणि मलाही. व्हिनिअर म्हणजे दाताच्या दर्शनी भागावर चिकटवायचा पातळ कवचासारखा थर. त्याची अडचण अशी, की पोर्सेलेन पातळ असेल तर खालचा काळा रंग त्यातून झिरपून दिसतो आणि सगळा दात राखाडी भासतो. तो झाकायचा तर पोर्सेलेन जाड आणि अपारदर्शक हवे, जाड हवे तर दात अधिक कोरायला हवा, आणि अपारदर्शक केले की दात भिंतीवरच्या टाइलसारखा निर्जीव दिसतो. म्हणून आधी दात जितका आतून उजळेल तितका उजळवून घ्यायचा आणि मग जिथे अगदी गरज उरेल तिथेच, कमीत कमी दातांवर, कमीत कमी जाडीचे व्हिनिअर बसवायचे, हा त्यांचा सल्ला होता. माझ्यावर जे पुढे झाले त्याचा सगळा गाभा या क्रमात आहे. दवाखान्यातल्या पॅकेजने नेमका हा क्रम गाळला होता.

उजळवण्याचा त्यांनी सुचवलेला मार्ग घरी रात्री ट्रे, म्हणजे आत जेल भरलेला दातांच्या मापाचा प्लास्टिकचा साचा, लावण्याचा होता. खुर्चीत बसवून ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडने तासाभरात दात उजळवतात, ते चहा-कॉफीने पिवळ्या झालेल्या दातांना पुरते. टेट्रासायक्लिनला तेवढ्याने फारसा फरक पडत नाही आणि थोडा पडला तरी लवकर मावळतो. रात्रीच्या ट्रेची पद्धत १९८९ मध्ये हेवूड आणि हेमन या अमेरिकी दंततज्ज्ञांनी मांडली आणि पुढे टेट्रासायक्लिनच्या दातांवर ती सहा-सहा महिने रोज रात्री वापरून पाहण्यात आली. त्यात १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडचा जेल असतो, ज्यातून सुमारे साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू सुटते, इनॅमलमधून आत झिरपते आणि डेंटीनमधले रंगद्रव्य फोडते. मंद औषध आणि लांब मुदत, असा हा सगळा मामला आहे. हिरडीजवळचा पट्टा सर्वांत हट्टी असतो, तो पूर्ण जाईलच असे नाही, हे मॅडमनी आधीच बजावले होते.

ट्रेसाठी दातांचे माप घेतात, तेव्हा अल्जिनेटची गार, पिठूळ लगदी तोंडात भरून मिनिट-दोन मिनिटे स्थिर बसावे लागते. ज्यांना उबळ येते त्यांनी नाकाने श्वास घ्यावा आणि मान किंचित पुढे ठेवावी. त्या मापावरून प्लास्टरचे दात ओततात आणि त्यांवर मऊ प्लास्टिकचा पातळ पत्रा गरम करून, हवा खेचून बसवतात. माझा ट्रे हिरडीच्या कडेकडेने नागमोडी कापलेला होता, म्हणजे जेल हिरडीला लागत नाही. आधी फक्त वरच्या दातांचा ट्रे दिला, कारण खालचे दात तसेच ठेवले की फरक मोजता येतो आणि दोन्ही जबडे एकाच वेळी शिवशिवत नाहीत.

रोज रात्री दात घासून, फ्लॉस करून, ट्रेमधल्या प्रत्येक पुढच्या दाताच्या जागी जेलचा मुगाएवढा थेंब टाकायचा, ट्रे बसवायचा, हिरडीवर आलेला जास्तीचा जेल बोटाने किंवा कापसाने पुसायचा आणि झोपायचे. मी सुरुवातीला थेंब मोठे टाकत असे आणि सकाळी हिरडीची कड पांढुरकी दिसे. ती दुपारपर्यंत पूर्ववत होई, पण थेंब लहान केल्यावर तेही थांबले. सकाळी ट्रे गार पाण्याने धुवायचा, गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो. जेलच्या सिरिंज फ्रिजमध्ये ठेवायच्या असल्यामुळे त्या दाराच्या कप्प्यात लिंबाच्या सरबताशेजारी राहू लागल्या, आणि सासूबाईंना कोणालाही इन्सुलिन सुरू झालेले नाही, हे समजावून सांगावे लागले.

शिवशिव होते, ती होतेच. दुसऱ्या आठवड्यात समोरच्या दोन दातांतून अचानक कळ निघू लागली. पंख्याखाली तोंड उघडे ठेवून बोलणेही नकोसे वाटे, आणि शिक्षिकेला बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. यासाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट मिळते. ती ट्रेमध्ये घालून अर्धा तास ठेवायची आणि मग रात्री जेल, असे डॉक्टरने सांगितले. फारच त्रास झाला तर एखादी रात्र सोडायची. मी अशा बऱ्याच रात्री सोडल्या आणि त्याने काही बिघडले नाही. लांब मुदतीच्या उपचाराचा हाच एक फायदा आहे, की त्यात माणसाला श्वास घ्यायला जागा असते. जेलची ताकद वाढवून घ्यावी, म्हणजे लवकर होईल, अशी गळ मी एकदा घातली. त्यावर "काकू, लवकर नाही होणार, फक्त जास्त दुखेल," असे उत्तर आले.

खाण्याचा प्रश्न ठाण्यात राहणाऱ्याला अवघडच. ज्या गावात मामलेदारची मिसळ आहे, तिथे 'रंगीत खाऊ नका' हे कोणी ऐकायचे? इंटरनेटवर अशा काळात फक्त दहीभात, केळी, पनीर असे पांढरे खाण्याचे सल्ले दिलेले असतात. मॅडमनी मात्र एवढेच सांगितले, की सकाळी ट्रे काढल्यावर तासभर चहा, कॉफी, हळदीचे काही घेऊ नका, घेतल्यानंतर चूळ भरा, आणि तंबाखू-सिगारेट असेल तर उपचार सुरूच करू नका. मी पहाटेचा चहा ट्रे काढल्या-काढल्या पिण्याचा मोह आवरून साडेसातपर्यंत पुढे ढकलला. त्या महिन्यांत केलेला सर्वांत मोठा त्याग तोच.

पहिल्या महिन्यात दातांची टोके उजळली, जी आधीच बरी होती; त्यामुळे टोक आणि पट्टा यांतला विरोध वाढला आणि दात पूर्वीपेक्षा वाईट दिसू लागले. हे असे होते, हे आधीच सांगितलेले असूनही मी खचले. इथे बरेच जण उपचार सोडतात, असे डॉक्टर म्हणाली, आणि मला त्याचे नवल वाटले नाही. तिसऱ्या महिन्याच्या फोटोत पहिल्यांदा पट्ट्याचा रंग राखाडीवरून पिवळसर तपकिरीकडे सरकलेला दिसला. नंतर दर महिन्याला थोडे थोडे. पट्ट्यांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या, सुळे तर जवळपास एकसारखे झाले. शाळेत कोणाच्या लक्षात आले नाही. आईच्या आले, व्हिडिओ कॉलवर. सात महिन्यांच्या आसपास फोटो एकमेकांसारखे येऊ लागले, तेव्हा मॅडमनी वरच्या दातांचे थांबवले आणि खालच्यांचा ट्रे दिला. वरच्या चार पटाशीच्या दातांवर हिरडीजवळ एक करडी सावली उरली होती. ती हटणार नव्हती, कारण तिथे इनॅमल मुळातच सर्वांत पातळ असते आणि आतला थर लगेच दिसतो.

चार दातांना व्हिनिअर बसवायचे ठरले. सुळे तसेच ठेवायचे, कारण सुळा निसर्गतः शेजारच्या दातांपेक्षा किंचित गडदच असतो आणि तो तसा असला तरच तोंड खरे वाटते. ब्लीच थांबवल्यावर निदान दोन आठवडे थांबणे आवश्यक असते. दातात उरलेला ऑक्सिजन चिकटवणाऱ्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि रंगही या काळात थोडा उतरून स्थिरावतो. आम्ही परीक्षांमुळे त्याहून बरेच अधिक थांबलो.

दात कोरण्याच्या दिवशी मॅडम स्वतः उभ्या होत्या. सुमारे अर्धा मिलिमीटर, तोही इनॅमलच्या आतच राहील अशा बेताने, कारण इनॅमलला चिकटलेले व्हिनिअर डेंटीनला चिकटलेल्यापेक्षा अधिक टिकते. आधी दातावर खोली दाखवणारे बारीक खाचे पाडून घेतले आणि मग त्या खाचांच्या तळापर्यंतच घासले. कोरलेल्या दाताच्या रंगाचाही शेड गाइडबरोबर फोटो काढून लॅबला पाठवला. खाली काय आहे हे तंत्रज्ञाला माहीत नसेल तर वरचा रंग तो अंदाजाने करणार. तात्पुरती कवचे लावून मी घरी आले आणि लॅबचे काम येईपर्यंत पेरू, चिक्की, भाकरीची कड यांना लांब ठेवले.

रंग ठरवताना मात्र आमची थोडी वादावादी झाली. मुलीला अगदी पांढरे हवे होते, डॉक्टर ए-१ म्हणत होती. मी खिडकीशी जाऊन उजेडात खालचे दात, सुळे आणि माझा चेहरा पाहिला आणि ए-२ वर ठाम राहिले, तेही हिरडीकडे किंचित गडद होत जाणारे. चाळिशी उलटलेल्या, रोज दोन वेळा चहा पिणाऱ्या बाईच्या तोंडात ट्यूबलाइट लावायची मला इच्छा नव्हती. मॅडमनी माझी बाजू घेतली.

चिकटवण्याच्या दिवशी आधी रंगीत पेस्टने व्हिनिअर तात्पुरते बसवून पाहतात. हाच क्षण नकार देण्याचा, नंतर नाही. एका दाताची कड मला लांब वाटली, ती त्यांनी तिथेच घासून दिली. मग दातांभोवती रबराचा पडदा ताणून लाळ अडवली, दातावर फॉस्फोरिक आम्ल काही सेकंद ठेवून धुतले, आणि एकेक कवच रेझिनने चिकटवून निळ्या दिव्याने घट्ट केले. सुटलेले सिमेंट दातांच्या फटींतून फ्लॉसने खरवडून काढण्यातच सर्वांत अधिक वेळ गेला. तो वेळ महत्त्वाचा असतो, कारण तिथे राहिलेला कण पुढे हिरडीला सूज आणतो. महाविद्यालयात चार व्हिनिअरना जेवढा खर्च आला तेवढ्यात बाहेर दोनही झाले नसते. मेडिक्लेममध्ये यातला एक रुपयाही बसत नाही. सौंदर्योपचार म्हणून कंपनीने तो आधीच वगळलेला असतो.

खालच्या दातांचे ब्लीच चालू आहे. ते वरच्यांपेक्षा धीमे आहे, आणि तिथे व्हिनिअर करायचे नाहीत, असे माझे ठरले आहे. बोलताना खालच्या दातांची टोके तेवढी दिसतात आणि टोके उजळली आहेत. वरच्या सुळ्यांचा आणि उपदाढांचा रंग हळूहळू थोडा मागे येतो, तेव्हा वर्षातून काही रात्री जुनाच ट्रे लावायचा आहे. व्हिनिअरचा रंग जेलने बदलत नाही, म्हणून शेजारच्या दातांचा रंग फार मागे पडू द्यायचा नाही. रात्री दात खाण्याची सवय असल्यामुळे व्हिनिअर वाचवायला एक कडक गार्डही करून दिला आहे. भावाच्या मुलाला मध्यंतरी ताप आला तेव्हा आईने डॉक्टरांना विचारले, की यात टेट्रासायक्लिन नाही ना. डॉक्टरांनी सांगितले, की त्याच गटातले डॉक्सिसायक्लिन कॅल्शियमला कमी चिकटते, स्क्रब टायफससारख्या आजारात थोड्या दिवसांसाठी ते मुलांनाही देतात, आणि याला त्याचीही गरज नाही. आईने तरी औषधाच्या बाटलीचे लेबल मला व्हॉट्सॲपवर पाठवलेच, पॅरासिटामॉल होते.